प्रवासाचा अखेरचा दिवस

प्रवासाहून परत आलेल्या माणसाला भेटणारा प्रत्येकजण एकच प्रश्न करतो, "काय काय पाहिलेंत?" मग तो बिचारा आयफेल मनोऱ्यापासून आरंभ करतो, आणि ऐकणाराला जांभई आल्याचें त्याच्या ध्यानांत येण्यापूर्वींच व्हेनिसच्या होड्यांपर्यंत येऊन पोंचतो. प्रवासाच्या अखेरच्या दिवसाविषयीं मात्र कोणी विचारीत नाहीं. तो दिवस सामान बांधण्याचा, उरलेलीं नाणीं मोजण्याचा आणि घरच्या माणसांसाठीं घ्यावयाचें राहिलेलें कांहींतरी घाईघाईनें घेण्याचा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. माझ्या बाबतींत तें उलट झालें. पंधरा दिवसांच्या युरोपच्या प्रवासांत पहिले चौदा दिवस मीं पुष्कळ पाहिलें. पण जें कळावयास हवें होतें तें पंधराव्या दिवशीं कळलें. त्या एका दिवसाची हकीकत आज आपणांस सांगावी असें मनांत आहे.

या प्रवासांतला माझा सोबती म्हणजे माझा बाळपणापासूनचा मित्र. त्याला सारे बापू म्हणतात. मीहि तेंच म्हणतों. आम्ही दोघेहि कोल्हापूरचे. एका पेठेंत वाढलों, एका बाकावर बसलों आणि एकाच वर्षीं मॅट्रिक झालों. पुढें बापू राजाराम कॉलेजांत गेला व यथाकाल बँकेंत लागला. मी अध्यापनाचा वर्ग पुरा करून शाळेंत शिकवूं लागलों. त्या दिवसापासून त्यानें मला नांवानें हांक मारलेली नाहीं. "मास्तर" एवढेंच म्हणतो, आणि तेंहि अशा सुरांत कीं, त्याचा गृहपाठ तपासावयाचा मीं ठेवून दिला आहे असें ऐकणाराला वाटावें.

बापूची पत्नी २०१९ सालीं वारली. एकुलता एक मुलगा अमेरिकेंत, पिट्सबर्ग शहरीं कायमचा राहिलेला. २०२३ च्या उन्हाळ्यांत एके दिवशीं संध्याकाळीं आम्ही फिरावयास निघालों असतां बापू म्हणाला, "मास्तर, घर विकलें. दसऱ्याच्या आंत पोराकडे जाणार. कायमचा." रस्ता ओलांडतांना 'गाडी येते आहे' म्हणून सांगावें तितक्या सहजपणें त्यानें तें सांगितलें. ज्या घराच्या कट्ट्यावर पन्नास वर्षांहून अधिक काळ मी बसलों, जेथें त्याच्या आईच्या हातचें मीं जेवलों, तें घर विकतांना त्यानें मला एका शब्दानें विचारलें नव्हतें. मी कांहीं बोललों नाहीं. वर्गांत जन्मभर बोलणारा माणूस रागावला म्हणजे फार चांगला गप्प बसतो.

आठ दिवसांनीं तोच घरीं आला आणि म्हणाला, "जातां जातां युरोप पाहून जाऊं म्हणतों. तूंहि चल. तुझ्या भूगोलांतलीं गांवें खरोखर आहेत कीं नाहींत, तें एकदां पाहून घेऊं." निवृत्त झाल्यावर जी रक्कम हातीं आली होती तिच्यांतील थोडी मोडून मीं होकार दिला. मनांत एवढेंच होतें कीं, पंधरा दिवसांत केव्हां तरी हा आपण होऊन बोलेल.

चौदा दिवस गेले. लंडन झालें, पॅरिस झालें, स्वित्झर्लंडचें बर्फ झालें, व्हेनिस आणि रोम झालें. पॅरिसच्या लांबलचक पावापासून पोपच्या पहारेकऱ्यांच्या रंगीबेरंगी पोशाखापर्यंत सर्व विषयांवर आम्ही बोललों. त्या घराविषयीं मात्र नाहीं. एकाच खोलींत शेजारशेजारच्या खाटांवर निजून दोन मित्रांनीं एकच विषय रोज रात्रीं चुकवावा, हें किती कष्टाचें असतें तें ज्यानें अनुभवलें असेल त्यालाच ठाऊक.

रोमला आमच्या प्रवासी मंडळीचा निरोप घेऊन आम्ही दोघेच फ्लॉरेन्सला आलों. हें गांव मूळच्या कार्यक्रमांत नव्हतें. ती आमची पदरची भर होती. याचें कारण कोल्हापूरच्या माणसाला सांगावें लागत नाहीं. इतर श्रोत्यांसाठीं थोडक्यांत सांगतों.

कोल्हापूरचे छत्रपति राजाराम महाराज यांचा जन्म १८५० सालचा. १८६६ सालीं ते दत्तक होऊन गादीवर आले, आणि १८७० सालीं, म्हणजे सुएझचा कालवा खुला होऊन पुरतें वर्षहि झालें नव्हतें अशा वेळीं, विलायतेच्या प्रवासास निघाले. समुद्र ओलांडणें म्हणजे धर्म बुडविणें, ही समजूत त्या काळीं घरोघर होती. अशा काळांत एका हिंदु राजानें विलायतेस जाणें ही लहानसहान गोष्ट नव्हे. बरोबर आपलीं माणसें होतीं आणि कॅप्टन वेस्ट नांवाचे इंग्रज अधिकारी होते. महाराजांनीं इंग्लंड पाहिलें, व्हिक्टोरिया राणीची भेट घेतली, आणि जें पाहिलें त्याची इंग्रजींत दैनंदिनी लिहिली. परतीच्या वाटेवर त्यांची प्रकृति बिघडली. आल्प्स ओलांडून ते इटलींत आले आणि ३० नोव्हेंबर १८७० या दिवशीं फ्लॉरेन्स येथें वारले. वय अवघें वीस वर्षें आणि सात महिने. त्यांची दैनंदिनी पुढें वेस्ट यांनीं १८७२ सालीं लंडनमध्यें छापून प्रसिद्ध केली. ज्या कॉलेजांत बापू शिकला त्याला नांव आहे तें याच महाराजांचें.

म्हणजे त्यांच्याहि युरोपच्या प्रवासाचा अखेरचा दिवस फ्लॉरेन्समध्येंच उगवला. आमचाहि तेथेंच उगवावा असें आम्हीं ठरविलें होतें.

तो दिवस १७ ऑक्टोबर २०२३, मंगळवार. नवरात्राची तिसरी माळ. सकाळीं स्नान करून येतांच बापू म्हणाला, "जन्मापासून नवरात्रांत अंबाबाईच्या देवळांत पाऊल पडलें नाहीं, असें हें पहिलेंच वर्ष." नवरात्रांत त्याचा नऊ दिवस उपवास असतो. कोल्हापुराहून आणलेला गूळ आणि भाजलेले शेंगदाणे एका पुडींत बांधून त्यानें खिशांत टाकले, आणि आम्ही बाहेर पडलों.

प्रथम उफित्सी नांवाचें जगप्रसिद्ध चित्रसंग्रहालय पाहिलें. बॉतिचेल्लीचें 'प्रिमावेरा', म्हणजे 'वसंत', हें चित्र येथें आहे. त्याच्यासमोर इतकी दाटी होती कीं, पहिल्यानें आम्हांला लोकांचे उंचावलेले हात आणि त्या हातांतले फोन एवढेंच दिसलें. गर्दी थोडी सरल्यावर नारिंगांच्या बागेंत उभ्या असलेल्या त्या स्त्रिया दिसल्या, आणि मीं बापूला त्या चित्राची एक गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धांत या संग्रहालयांतील चित्रें सुरक्षित राहावींत म्हणून आसपासच्या खेड्यांतील वाड्यांत हलविलीं होतीं. हें चित्र मोंतेगुफोनी नांवाच्या एका गढींत होतें. १९४४ च्या जुलैअखेर जर्मन फौज मागें हटत असतां त्या गढींत जी पलटण होती ती आपल्या मराठ्यांची, पांचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन. एरिक लिंकलेटर हा इंग्रजी लेखक तेथें जाऊन पोंचला, तेव्हां जगांतील हीं अमोल चित्रें त्याला तेथें ठेवलेलीं आढळलीं, आणि त्यांच्या राखणीला होते मराठे शिपाई.

बापूनें तें चित्र पुन्हां एकदां निरखून पाहिलें. मग म्हणाला, "म्हणजे आपल्याकडचा कुणी गडी या बायकांच्या पायांपाशीं बंदूक घेऊन बसला असेल. घरीं पत्र लिहितांना त्यानें काय लिहिलें असेल, मास्तर?"

"सुखरूप आहें, एवढेंच," मी म्हणालों.

"बरोबर," बापू म्हणाला. "खरें तें पत्रांत कुणी लिहीत नाहीं."

त्या वेळीं मला त्यांत विशेष कांहीं वाटलें नाहीं.

तेथून आर्नो नदीच्या कडेनें चालत आम्ही ओन्यिसान्ती नांवाच्या चौकांत आलों. या चौकांतील चर्चमध्यें बॉतिचेल्लीचें थडगें आहे. आणि याच चौकावरील हॉटेलांत राजाराम महाराजांनीं प्राण सोडला. ज्याचें चित्र सकाळीं पाहिलें तो चित्रकार, आणि ज्यांच्यासाठीं आम्ही एवढ्या दूर आलों ते महाराज, दोघांची अखेर एकमेकांपासून हांकेच्या अंतरावर.

त्या दिवशीं महाराजांच्या माणसांपुढें केवढा पेंच पडला असेल, याची त्या चौकांत उभें राहिल्यावरच नीट कल्पना येते. देश परका, भाषा परकी, हाताशीं आपलीं मोजकीं माणसें, आणि धनी तर निघून गेलेला. फ्लॉरेन्स ही त्या वेळीं इटलीची राजधानी होती. १८६५ पासून १८७१ पर्यंत तिला तो मान होता. पण राजधानी झाली तरी तेथें मृतांना पुरण्याची चाल. दहन कोणीं पाहिलेलें नव्हतें आणि कायद्यालाहि तें मान्य नव्हतें. खुद्द इटलींतलें पहिलें दहनगृह मिलान येथें उभें राहिलें तें १८७६ सालीं, म्हणजे या गोष्टीनंतर सहा वर्षांनीं. तरीहि महाराजांच्या माणसांचें म्हणणें तेथील अधिकाऱ्यांनीं ऐकलें आणि विशेष परवानगी दिली. शहराच्या पश्चिमेस काशिने नांवाचें विस्तीर्ण उद्यान आहे. त्याच्या पार टोंकाला मुन्योने नांवाची एक लहानशी नदी आर्नोला मिळते. त्या संगमावर चिता रचण्यांत आली, आणि हिंदु धर्माप्रमाणें महाराजांचें दहन झालें.

चौकापासून तें ठिकाण सुमारें चार किलोमीटर. बापूचा उजवा गुडघा दुखरा, म्हणून मीं गाडी करूं म्हटलें. तो म्हणाला, "नको. त्यांना ज्या वाटेनें नेलें त्या वाटेनें चालत जाऊं." मग जेथें जेथें बांक दिसेल तेथें तेथें बसत आम्ही चाललों.

काशिने ही एके काळीं मेदिची सरदारांची शेतीची आणि शिकारीची जागा. आतां ती सर्वांची आहे. नदीच्या कडेनें साडेतीन किलोमीटर लांबवर उंच झाडांच्या रांगा पसरल्या आहेत. मंगळवार हा तेथला बाजाराचा दिवस. कपडे, भांडीं, चीज, फुलें असा कोल्हापूरच्या बाजाराला शोभेलसा गलबला तेथें चालला होता. बापूनें एका म्हाताऱ्या विक्रेत्याशीं खुणांनीं घासाघीस करून नातीसाठीं एक लोंकरीची टोपी घेतली. एकाला मराठी येत नव्हती, दुसऱ्याला इटालियन येत नव्हती. पण दोघांनाहि घासाघीस येत होती, म्हणून कोणाचें अडलें नाहीं.

बाजार मागें पडला, माणसें विरळ झालीं, आणि शेवटीं झाडी संपते तेथें ती छत्री दिसली. आपल्याकडे राजेरजवाड्यांच्या समाधीवर असते त्याच घाटाची, खांबांवर तोललेली. तिच्याखालीं तरुण महाराजांचा रंगविलेला अर्धपुतळा. चौथऱ्यावर निरनिराळ्या भाषांत लेख कोरलेले आहेत आणि सभोंवार लोखंडी कठडा आहे. पुतळा चार्ल्स फ्रान्सिस फुलर या शिल्पकारानें घडविला. छत्रीची आंखणी चार्ल्स मँट यांची. १८७४ सालीं हें स्मारक पुरें झालें. हेच मँटसाहेब पुढें कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचे योजक. नवा राजवाडा लहानपणापासून पाहत आलेल्या आम्हां दोघांना ती छत्री पाहतांच आपल्या गांवचें कोणी तरी भेटल्यासारखें झालें. जवळच आर्नोवरचा, लोखंडी तारांनीं ताणून धरलेला मोठा पूल आहे. तो १९७८ सालीं पुरा झाला. त्याचें नांव 'पोंते आल्लिंदियानो', म्हणजे 'हिंदी माणसाजवळचा पूल'. तेथील लोक या सर्व भागालाच 'इंदियानो' म्हणतात.

बापू कठड्याशीं बराच वेळ उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "वीस वर्षांचें पोर रे, मास्तर. परतीच्या वाटेला लागलें होतें." त्यानें खिशांतली पुडी काढली, गुळाचा एक खडा कठड्याच्या आंत चौथऱ्याच्या पायाशीं ठेवला आणि म्हणाला, "महाराज, घरचा आहे." मीं इकडेतिकडे पाहिलें, असें ठेवणें तेथील नियमांत बसतें कीं नाहीं, अशी मास्तरी शंका माझ्या मनांत आली. तेवढ्यांत एक वृद्ध बाई कुत्र्याला घेऊन जवळून जात होत्या, त्या थांबल्या. त्यांनीं पुतळ्याकडे बोट दाखविलें, मग आमच्याकडे दाखविलें आणि विचारलें, "इंदियानी?" आम्हीं माना डोलावल्या. त्या कांहींतरी बऱ्याच वेळ बोलल्या. त्यांतलें आम्हांला अक्षरहि कळलें नाहीं. पण जातांना त्यांनीं कठड्यावरचें एक वाळलेलें पान उचलून बाजूला टाकलें. स्वतःच्या दारांतलें पान काढावें तसें.

आम्ही जवळच्या बांकावर बसलों. बापूनें मूठभर शेंगदाणे माझ्या हातावर ठेवले. नदी अगदीं संथ होती. मुन्योनेचें पाणी थोडेंच, पण तें आर्नोंत कोठें मिसळतें तें दिसत होतें. बापू त्याकडे पाहत म्हणाला, "मास्तर, पंधरा दिवस तूं रागावला आहेस."

"रागावलों नाहीं."

"मग गृहपाठ न करतां आलेल्या पोराकडे पाहावें तसा माझ्याकडे कां पाहतोस?"

आतां टाळण्यांत अर्थ नव्हता. मी म्हणालों, "घर विकलेंस. मला एका शब्दानें विचारलें नाहींस."

"विचारलें असतें तर तूं नको म्हणाला असतास," बापू म्हणाला. "आणि तूं नको म्हटल्यावर माझ्या हातून तें झालें नसतें. म्हणून विचारलें नाहीं."

यावर काय बोलावें तें मला सुचेना. थोड्या वेळानें तोच पुढें सांगूं लागला. २०२२ च्या पावसाळ्यांत एका रात्रीं न्हाणीघरांत त्याचा पाय घसरला. उजव्या अंगावर पडला. उठतां येईना. फोन बाहेर माजघरांत राहिलेला. दार आंतून लावलेलें. पावसाच्या आवाजांत हांका कोणाला ऐकूं गेल्या नाहींत. रात्रीं दहापासून सकाळीं सातपर्यंत तो ओल्या फरशीवर पडून होता. सकाळीं कामाची बाई आली, तिनें शेजाऱ्यांना हांका मारून दार उघडविलें. हाड मोडलेलें नव्हतें. गुडघा मात्र तेव्हांपासून दुखरा झाला.

"मला कां नाहीं सांगितलेंस?" मीं विचारलें. माझें घर त्याच्या घरापासून दोन गल्ल्यांवर.

"सांगितलें असतें तर तूं रोज रात्रीं वळकटी घेऊन माझ्याकडे निजायला आला असतास," बापू म्हणाला. "मला ठाऊक आहे ना! मग वहिनींना तुझ्या घरीं एकटें राहावें लागलें असतें. आणि तूं घोरतोस किती, तें या पंधरा दिवसांत पाहिलेंच." तो हंसला. मला हंसूं आलें नाहीं.

त्या आठवड्यांत आमचें काय चाललें होतें, तें मला आठवलें. त्याचा पाय दुखतो असें तो म्हणाला होता, आणि मीं त्याला म्हातारपणावरून चिडविलें होतें. फिरणें चार दिवस बंद राहिलें, तर 'आळशी झालास' असा निरोप मीं धाडला होता. श्रोतेहो, घर विकल्याचा राग घेऊन मी लंडनपासून फ्लॉरेन्सपर्यंत फिरलों. पण तें घर ज्या रात्रीं राहण्याजोगें उरलें नाहीं, ती रात्र दोन गल्ल्यांवर असून मला कळली नव्हती. मग अमेरिका दूर आहे म्हणून कुरकुर करण्याचा मला काय अधिकार होता?

कांहीं वेळ आम्ही तसेच बसलों. मग बापू छत्रीकडे पाहत म्हणाला, "एक सांगून ठेवतों. तिकडे माझें कांहीं झालें, तर मला इकडे आणण्याची धांवपळ करूं नका. पोराला मीं अजून सांगितलेलें नाहीं. तो ऐकून घेणार नाहीं. वेळ आली तर तूं त्याला सांग. त्याच्या गांवांतहि नदी आहे."

"एक नव्हे," मी म्हणालों. "ॲलेघेनी आणि मोनोंगाहेला. दोन्ही पिट्सबर्गला मिळतात आणि पुढें ओहायो होते. संगम आहे."

तीसहून अधिक वर्षें मीं मुलांकडून 'पिट्सबर्ग: लोखंड व पोलाद' असें घोकून घेतलें. तेथल्या बहुतेक भट्ट्या १९८० च्या सुमारास थंडावल्या, तरी माझ्या वर्गांत पोलादाचा रस बरींच वर्षें वाहत होता. त्या शहरीं दोन नद्यांचा संगम आहे हेंहि मीं नकाशावर छडी ठेवून दाखवीत असें. पण तो कोणाच्या उपयोगी पडेल असें कधीं मनांत आलें नव्हतें.

बापूनें माझ्याकडे पाहिलें. "म्हणजे प्रयाग चिखलीसारखाच," तो म्हणाला. चिखली हें कोल्हापुराजवळचें गांव; पंचगंगा नांव घेऊन नदी वाहूं लागते ती तेथल्या संगमापासून. पंचगंगेच्या घाटावर आमच्या राजघराण्यांतील पूर्वजांच्या समाध्या आहेत. राजाराम महाराज स्वदेशीं वारले असते तर त्यांनाहि तेथें जागा मिळाली असती. ती त्यांना मिळाली नाहीं. पण येथें ज्यांनीं त्यांना कधीं पाहिलें नव्हतें, ज्यांना त्यांचें नांवहि धड उच्चारतां येत नसेल, त्यांनीं आपल्या चालीरीतींच्या बाहेर जाऊन एक संगम त्यांना दिला. आणि शंभर वर्षांनीं शेजारीं पूल बांधला तेव्हां त्यालाहि त्यांचीच ओळख ठेविली. 'आपल्या मातीशिवाय माणसाला गति नाहीं' असें मी आजवर मोठ्या ठासून सांगत आलों होतों. त्या बांकावर बसून तें वाक्य पुन्हां उच्चारण्याचा मला धीर झाला नाहीं.

"सांगेन त्याला," एवढेंच मी म्हणालों. बापूनें मान हलविली, आणि उरलेले शेंगदाणे दोघांत सारखे वांटले.

परततांना आम्ही ट्रामनें शहरांत आलों. संध्याकाळीं सांता त्रिनिता नांवाच्या पुलावर उभे राहिलों. हा पूल १९४४ च्या ऑगस्टांत मागें हटणाऱ्या जर्मन फौजेनें सुरुंग लावून उडविला होता. पुढें फ्लॉरेन्सकरांनीं नदींतले दगड काढून तो जसाच्या तसा पुन्हां बांधला. १९५८ सालीं तो खुला झाला. पुलाच्या चार कोंपऱ्यांवर चार ऋतूंचे पुतळे आहेत. त्यांतील वसंताच्या पुतळ्याचें मस्तक मात्र सांपडत नव्हतें. तें १९६१ सालीं नदीच्या गाळांत मिळालें आणि जागच्या जागीं बसविण्यांत आलें. मानेवरचा सांधा जवळून पाहिला तर ध्यानांत येतो. मीं ही हकीकत सांगितल्यावर बापू म्हणाला, "सतरा वर्षें गाळांत पडलें होतें, तरी बसलेंच ना? आपलें तर पांच-सहा महिन्यांतच उरकलें." मग आम्ही दोघेहि मोठ्यानें हंसलों. त्या प्रवासांत इतके मोकळेपणानें हंसल्याचें मला दुसरें आठवत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं पहांटे त्याचें विमान पश्चिमेकडे जावयाचें होतें. माझें दुपारीं पूर्वेकडे. मी त्याला पोंचवावयास विमानतळावर गेलों. तेथें निरोपाचीं मोठीं भाषणें झालीं नाहींत. आंत जातांना त्यानें खिशांतली पुडी माझ्या हातांत दिली. "अमेरिकेंत खाण्याच्या जिनसांची फार चौकशी करतात म्हणे. तूंच घेऊन जा." अशा रीतीनें कोल्हापूरचा गूळ फ्लॉरेन्स पाहून पुन्हां कोल्हापूरला आला. २४ ऑक्टोबरला दसरा होता. त्या दिवशीं अंबाबाईच्या दर्शनास जातांना तो मीं बरोबर नेला, आणि बापूच्या नांवानें देवीपुढें ठेवला.

त्याच्या घरांत आतां दुसरें बिऱ्हाड आहे. सुरुवातीला मी ती गल्ली चुकवून जात असें. आतां तेथूनच जातों. कट्ट्यावर त्या घरचा एक लहान मुलगा अभ्यास करीत बसलेला दिसतो. त्याच्या गणितांत मधून मधून लुडबूड करण्याची माझी संवय अजून सुटलेली नाहीं.

बापूचा फोन आठवड्यांतून दोनदां येतो. तेथें संगमाजवळ एक बाग आहे, संध्याकाळीं तो तेथें फिरावयास जातो. आम्हीं दोघांनीं एक करार केला आहे. पडलों, दुखलें, झोंप लागली नाहीं, जें असेल तें त्याच दिवशीं सांगावयाचें. 'सुखरूप आहें' हें उत्तर चालणार नाहीं. तें मीं पाळतों; तोहि बहुतेक पाळतो.

आणि आपल्यापैकीं ज्यांचा कोणी जुना मित्र एक-दोन गल्ल्यांवर एकटा राहत असेल, त्यांनीं हें भाषण संपल्यावर सहज एक फेरी मारून यावी, एवढेंच माझें मागणें आहे. त्यासाठीं फ्लॉरेन्सपर्यंत जाण्याची गरज नाहीं. मला जावें लागलें, ही माझी चूक.

ही सर्व हकीकत सांगण्यापूर्वीं मीं बापूची परवानगी घेतली आहे. हल्लीं रेडिओचीं भाषणें सातासमुद्रांपलीकडेहि फोनवर ऐकूं येतात, तेव्हां तो या क्षणीं पिट्सबर्गला ऐकत बसला असेल. माझ्या सांगण्यांत कांहीं चुकलें असेल, तर तें उद्यां फोनवर मला कळेलच. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या मास्तराची चूक काढण्यासारखा आनंद त्याला दुसरा नाहीं.